पाठीतलं हाड आणि पायाळू बहीण

बदनापूर
१८ जून २०२५

ती. दादा,

तुझ्यावर इतका राग आहे की नमस्कार लिहायला हात धजत नाही. पण आईने सवय लावली आहे, म्हणून लिहिते. साष्टांग नमस्कार.

फोनवर मी ‘मणका’ म्हटलं की तू फोन कट करतोस आणि वर वहिनींना सांगतोस, रेंज गेली. टेंभुर्णीचा टॉवर तुझ्या गोठ्यामागेच उभा आहे, दादा. म्हणून पत्र लिहिते. पत्र कट करता येत नाही. फाडता येतं, पण आधी तू ते वाचशील, कारण लिहिलेलं न वाचता टाकून देणं तुला जमत नाही. भेळीचा कागदसुद्धा तू वाचतोस.

परवा जालन्यात डॉक्टर एमआरआयची फिल्म उजेडात धरून समजावत होते आणि तू खिडकीबाहेर बघत होतास. मग ‘चहा पिऊन येतो’ म्हणालास आणि सरळ जाफराबादची एसटी पकडलीस. मी आणि डॉक्टर तुझी वाट बघत बसलो. चार वर्षांची पोरंही असं करत नाहीत, तू सत्तरीचा आहेस.

तर पुन्हा सांगते. मणक्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे चिवट पट्टे असतात. ते ताणतात म्हणून आपण वाकतो, वळतो. तुझ्या कमरेतले ते पट्टे हाडाचे होत चालले आहेत. आणि हे हाड बाहेरच्या बाजूला वाढत नाही, आत वाढतं, पायांकडे जाणाऱ्या नसा जिथून जातात त्या पन्हाळीत. नसा चेंगरतात. हे हाड गोळीने विरघळत नाही, मलमाने नाही, शेकाने नाही. ऑपरेशन करून काढावं लागतं, आणि पायांतली ताकद जायच्या आत काढावं लागतं. एकदा गेलेली ताकद परत येईलच, असं कुठलाही डॉक्टर सांगणार नाही.

पेरणीचं कारण सांगू नकोस. शेजारचा पप्पू ट्रॅक्टर घेऊन तयार आहे, मी त्याला विचारलं आहे.

तुझी,
सुरेखा


टेंभुर्णी
२६ जून

चि. सुरेखास दादाचा आशीर्वाद. रागात दिला आहे, पण लागू होतो.

पत्र मिळालं. भेळीच्या कागदाचं लिहायची गरज नव्हती.

तू सरकारी दवाखान्यात सिस्टर होतीस, मान्य. पण मला एक सांग. साऱ्या दुनियेची हाडं म्हातारपणी झिजतात. काकासाहेबाच्या गुडघ्यात तर काही राहिलंच नाही म्हणतात. माझं हाड वाढून राहिलं आहे. मग हा आजार कसा? मी पारावर सांगितलं तर कारभारी म्हणाला, “नशीबवान हायेस लेका. आमचं झिजून राह्यलं अन् तुझं वाढून राह्यलं.” तरी खबरदारी म्हणून मी दूध बंद केलं आहे. तंबाखूतला चुनाही बंद केला. हाडाला खायलाच घातलं नाही तर ते वाढेल कसं? तंबाखू आता कोरडीच खातो. चव लागत नाही, पण इलाज म्हणून सहन करतो.

दुसरं. मला चालता येत नाही असं तू डॉक्टरला सांगितलंस, ते बिलकुल खोटं आहे. सायकलवर गवताचा भारा टाकून मी शेतातून घरापर्यंत सायकल ढकलत आणतो, मध्ये कुठे टेकत नाही. आता मोकळा चाललो तर मारुतीच्या देवळापर्यंतच पाय भरून येतात, हे खरं. मग पारावर वाकून बसलो की बरं वाटतं. ओझं असलं की चालतो आणि मोकळा असलो की चालत नाही, हा काय आजार झाला? हा तर इमानदार माणसाचा स्वभाव झाला.

मला चमक भरली आहे, बस्स. आणि चमकेचा इलाज आपल्याच घरात जन्माला आला आहे. तू पायाळू. आईला तुझे पाय आधी दिसले, डोकं नंतर. गावात कुणाच्या पाठीत उसण भरली की तुला कडेवर घेऊन मीच जायचो. तुझा एवढासा पाय पाठीला लागला की माणूस उठून कामाला जायचा. साऱ्या गावाला लाथा मारल्यास, सख्ख्या भावाला मारायला काय होतं? पप्पूही पायाळू आहे, पण त्याची लाथ म्हणजे म्हशीची. मला तुझीच पाहिजे.

ये, पाय लाव. त्याने बरं वाटलं नाही तर तुझ्या डॉक्टरकडे येतो. शब्द देतो.

तुझा,
कडूबादादा


बदनापूर
२ जुलै

ती. दादा,

सा. नमस्कार. तुझं पत्र तुझ्या दाजींना वाचून दाखवलं. ते हसले. मी त्यांना जेवायला वाढलं नाही.

सायकलचं तू अभिमानाने लिहिलंस, तेच तुझ्या आजाराचं लक्षण आहे. सायकल ढकलताना माणूस पुढे वाकतो. वाकलं की मणक्यातली पन्हाळ जरा मोकळी होते आणि नसांना दम मिळतो. ताठ झालास की त्या पुन्हा चेंगरतात. इमानदारीचा आणि तुझ्या कमरेचा काही संबंध नाही.

आणि तंबाखू सोड म्हणून वहिनी लग्नापासून कानीकपाळी ओरडतात, तर तू तंबाखू ठेवून चुना सोडलास. धन्य आहे.

आता पायाचं. तू मला कडेवर न्यायचास ते तुला आठवतं. मला काय आठवतं, सांगू? शाळेत पाटीवर अक्षर अर्धं राहायचं आणि दारात कुणीतरी यायचं, ‘पायाळी पोरगी द्या जरा’. मला अक्षरं हवी होती, गावाला माझा पाय हवा होता. आभाळ भरून आलं की वीज पडेल म्हणून मला घरात कोंडायचे. ते सगळं मागे टाकून मी नर्सिंग केलं. तर पहिल्याच दवाखान्यात कमरेवर हात धरून एक गडी आला आणि म्हणाला, “सिस्टर, इंजेक्शन मंग द्या, आधी पाय लावा.” तो टेंभुर्णीचा पाहुणा होता, आणि त्याला ही बातमी पुरवणारा तू होतास!

उसण दोन दिवसांत आपोआपच जाते, दादा. पाय लावला तरी जाते, न लावला तरी जाते. तुझी ही उसण नाही. मी पाय लावला तर तू दुसऱ्या दिवशी ‘बरं वाटतंय’ म्हणशील आणि पावसाळा त्याच्यावर काढशील. तुझा शब्द मी ओळखून आहे. पाय लावणार नाही. आणि दुसऱ्या कुणालाही त्या कमरेला हात लावू देऊ नकोस, चोळूसुद्धा नकोस.

खरं सांग. चालताना चप्पल पायातून निघते का? पाय अडखळतो का? लघवीला त्रास होतो का?

सुरेखा


टेंभुर्णी
१२ जुलै

चि. सुरेखास आशीर्वाद.

भावाला लघवीचं विचारतेस, तू खरंच बदनापूरची झालीस. सगळं बराबर आहे.

चप्पल निघत नाही. जुनी ढिली झाली होती म्हणून आता पट्ट्याची सँडल घेतली आहे. पट्टा आवळला की दिवसभर पायातच राहते. अडखळण्याचं म्हणशील तर आपल्या गल्लीत ग्रामपंचायतीने पाइपासाठी खोदलं आणि बुजवलंच नाही, त्याला माझी कंबर काय करणार?

बाकी ठीक. सोयाबीन उगवलं आहे. पंचमीला ये, लिंबाला झोका बांधला आहे. पप्पूने बांधला, मी खालून सांगितलं. चढलो असतो, पण सँडल काढाघालायचा कंटाळा.

पंचमीला भांडायचं नाही. दुसरं काही करायचं असेल तर पाय घरी विसरून येऊ नकोस.

तुझा,
दादा


बदनापूर
३१ जुलै

दादा,

या वेळी नमस्कार लिहीत नाही. का, ते पुढे वाच.

पंचमीला आले. झोका खेळले, वहिनींच्या हातची पुरणाची दिंडं खाल्ली. दिवसभर तू मला एकटा सापडला नाहीस. मी ओसरीत आले की तू गोठ्यात, मी गोठ्यात आले की तू पारावर. एवढी पळापळ ऑपरेशननंतर करायला राखून ठेव.

निघताना तू ओट्यावर खुर्चीत बसला होतास. उकडत होतं म्हणून सँडल काढून ठेवली होतीस. तोंडासमोर पेपर, आणि पेपराच्या आडूनच काकासाहेबांशी सोयाबीनच्या भावावरून वाद. मी वाकले. दोन्ही हात तुझ्या दोन्ही पावलांवर ठेवले आणि नेहमीसारखं कपाळ टेकलं. चांगलं दाबून टेकलं, कारण मनात राग होता आणि मायाही होती. तू भाव बोलत राहिलास.

मी पायरी उतरले, तेव्हा तू पेपर खाली केलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, “चालली का? बदनापुरात राहून पाया पडायची रीत बी इसरली वाटतं.”

काकासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला वाकताना पाहिलं होतं. मी जन्मभर तुला उलट उत्तर दिलं, तेव्हा मात्र तुझीच री ओढली. ‘विसरले’ म्हणाले, परत आले आणि पुन्हा तुझ्या पाया पडले. आता तू खाली बघत होतास, म्हणून ‘सुखी राहा’ म्हणालास.

एसटीत मी रडले. रागाने रडले, असं वाचायचं असेल तर तसं वाच.

तुझ्या पायांना माझं डोकं कळलं नाही, दादा. चपलेचं, खड्ड्याचं, रेंजचं आता मला काही सांगू नकोस. राखीपौर्णिमेला मी येते, आणि राखीबरोबर गाडी आणते. मुकाट्याने बसायचं. उद्या तुला उभं राहता आलं नाही तर मी कुणाशी भांडू?

सुरेखा


टेंभुर्णी
६ ऑगस्ट

सुरेखाबाईला द्वारकाबाईचा नमस्कार.

मला लिहायची सवय न्हाई. चौथीनंतर आज हातात पेन धरून राह्यले, अक्षराला हसू नका. फोन ह्यांनी गोधडीत दडवला अन् वर झोपले, म्हून चिठ्ठी पप्पूच्या हाती देते.

तुमचं पत्र आल्तं. ह्यांनी वाचलं. ओट्यावर बसून आपल्याच पायाला चिमटे घेत होते, म्या दारातून पाह्यलं. मंग परवा म्हन्ले, “ती राखीला गाडी आनायच्या आत मला बरं व्हायचंय. तिला पायाची मिजास हाय तर गावात दुसरा पायाळू न्हाई का?” पप्पूला बोलावलं. तो न्हाईच म्हनत होता, ह्यांनी त्याला शपथ घातली. अंगनात पालथे पडले. त्यानं हळूच पाय लावला तर म्हन्ले, “जेवला न्हाईस का? जोरात मार.” मंग मारली त्यानं.

काल सकाळपासून उजवा पंजा उचलंना, लोंबून राह्यला. अन् लघवी तुंबली. पोट टम्म झालंय. म्हंतात उन्हाळी लागली, सब्जाचं पानी दे. पानी दिलं तर पोट अजून फुगलं. तुम्ही पत्रात लघवीचं इचारलं होतं म्हून मला भ्याव वाटून राह्यलं.

अजून एक सांगते. ती सँडल त्यांनी न्हाई, म्या आनून दिली. रस्त्यात चप्पल पायातून पडायची अन् ह्यांना पत्ता नसायचा. म्या मागून उचलून आनायची.

जल्दी या. पप्पूच्याच गाडीवर बसून या. त्याला काही बोलू नका, तो रडून राह्यला.

द्वारकाबाई


बदनापूर
१७ ऑगस्ट

ती. दादा,

सा. नमस्कार. तू दवाखान्यातून घरी पोचशील त्याच्या आधी हे पत्र पोचावं म्हणून लिहिते. समोर काही सांगितलं की तू डोळे मिटतोस.

वहिनींनी नको म्हटलं होतं, तरी पप्पूला मी बोलले. बदनापूर ते टेंभुर्णी मोटारसायकलवर मागे बसून बोलतच होते. तुला जिथे नेलं, त्या संभाजीनगरच्या डॉक्टरांना मी नंतर विचारलं, हे लाथेने झालं का? ते म्हणाले, हे व्हायचंच होतं, लाथेने घाई झाली असेल. पप्पूला मी त्यातलं पहिलं अर्धंच सांगितलं. तूही तेवढंच सांग.

तू मात्र तिथेही सोडलं नाहीस. नळी घालून लघवी मोकळी केली, ऑपरेशनची तयारी झाली, न्यायला माणसं आली, आणि तू कॉटची दांडी घट्ट धरलीस. “सुरेखाचा पाय लागल्याबिगर मी हालत न्हाई.” एक-एक मिनिट महत्त्वाचं होतं, दादा. मी ज्यांच्यापुढे आयुष्यभर नर्स म्हणून ताठ उभी राहिले, तसल्याच नर्स पोरींकडे मी स्टूल मागितलं. चप्पल काढली. पाऊल स्पिरिटने पुसलं. तुला कुशीवर वळवलं आणि स्टुलावर चढून तुझ्या कमरेला पाय लावला. डॉक्टर दारात आले आणि म्हणाले, “मावशी, हे काय?” मी म्हटलं, “तयारी.”

इतक्या पाठींना पाय लावला, कधी काही मागितलं नव्हतं. तेव्हा मागितलं. तुझी पाठ लाकडासारखी होती. मी घाबरले होते. माझ्या नोकरीत मी असे पाय पाहिले आहेत, जे पुन्हा उठले नाहीत.

हाड काढलं आहे. नसा किती जाग्या होतील ते डॉक्टर आज सांगत नाहीत. महिने लागतील. वॉकर घेऊन रोज चालायचं. वाकायचं नाही, भारा उचलायचा नाही, सायकल पप्पूच्या घरी ठेवायची. दूध प्यायचं, तंबाखू बंद. तू नेमकं उलटं करून बसला होतास.

दाजींना ताप आला म्हणून मला निघावं लागलं. तू झोपला होतास, म्हणून सांगितलं नाही.

सुरेखा


टेंभुर्णी
३० ऑगस्ट

चि. सुरेखास आशीर्वाद. या वेळी रागाने नाही. राग शेवटी आहे.

वॉकर हे फार वाईट वाहन आहे. अंगणातून चाललो की कोंबड्या थांबून बघतात. तरी ओट्यापासून लिंबापर्यंत जातो, आणि तुझी वहिनी मागून चालते. मी म्हटलं, आता काय उचलायला येतेस, सँडलला पट्टा आहे. तिने डोळ्याला पदर लावला. ती माझी पडलेली चप्पल मागून उचलायची, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही बायका सगळं एकमेकींना सांगता.

पोळ्याला बैलांजवळ जाता आलं नाही. पप्पूने बैल ओट्याशी आणले. मी खुर्चीतूनच हात फिरवला. पप्पूला डॉक्टरचं अर्धं सांगितलं. तो म्हणाला, “दादा, खरं सांगा.” मी म्हटलं, लेका, शपथ मी घातली होती, लाथही माझीच.

दूध पितो. तंबाखू सोडली, असं लिहिलं तर तुला खरं वाटणार नाही, म्हणून वहिनीला विचार. पारावर मात्र मी सांगून टाकलं आहे की अर्धं काम डॉक्टरने केलं आणि अर्धं तुझ्या पायाने. तू चिडशील. चीड. आता कमरेवर हात धरून कुणी बदनापूरला आला तर त्याला आधी माझ्याकडे पाठव. मी त्याला चपलेचं विचारतो.

आता रागाचं. झोपलेल्या माणसाच्या पाया पडू नये, मेलेल्याच्या पडतात. आईने तुला नमस्काराची सवय लावली, तेव्हा एवढं सांगायचं राहून गेलं का? मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून पडलो होतो, उघडले असते तर तू वॉकरचं भाषण पुन्हा सुरू केलं असतंस. तुझे हात गारढोण होते आणि कपाळ गरम. डाव्या पायाला कळलं. तू गेल्यावर मी किती वेळ तसाच पडून राहिलो, पाय हलवला नाही, पुसून जाईल म्हणून.

उजव्याला कळलं नाही. तू दोन्हींना हात लावला असशील, हे मी धरून चाललो आहे.

दिवाळीला ये. मी खुर्चीत बसलेला असेन, पेपर घडी करून ठेवलेला असेल. आधी उजव्या पायाला हात लाव. मी डोळे मिटून घेईन. कळलं तर सांगेन, आणि नाही कळलं तरी खरं सांगेन.

तुझा,
दादा